'रिफ्रेन' की 'डू नॉट'? पाहुण्यांसाठी इंग्रजी लिहिताना साधा शब्द घ्यावा की भारदस्त?

संगमकाठ

नमस्कार मंडळी. देवबागला आमचं चार खोल्यांचं घरगुती निवास आहे. पुढे समुद्र, मागे कर्ली नदी. दिवाळीच्या आधी सगळ्या पाट्या नव्याने लिहून लॅमिनेट करायच्या आहेत आणि त्यात माझं एक अडलंय, म्हणून हा धागा.

नदीकडे उतरायला दगडी पायऱ्या आहेत. तिथे आमची पाटी होती: 'गेस्ट्स आर रिक्वेस्टेड टु रिफ्रेन फ्रॉम एंटरिंग द वॉटर आफ्टर सनसेट.' हे वाक्य मीच लिहिलं होतं. कुठल्याशा हॉटेलात वाचलेलं मनात राहिलं होतं आणि आपल्या पाटीला वजन यावं असं वाटत होतं.

गेल्या मे महिन्यात एक आजोबा आणि त्यांचा नातू तिन्हीसांजेला तिथे उभे होते. मी पडवीत तांदूळ निवडत होते. मुलगा पाचवी-सहावीतला, इंग्रजी माध्यमाचा. त्याने पाटी मोठ्याने वाचली आणि विचारलं, "आजोबा, रिफ्रेन म्हणजे धृपद ना? कवितेत परत परत येतं ते?" आजोबा म्हणाले, "असेल काहीतरी, पाण्यात जाताना पाळायचं." मुलाने चपला काढल्या आणि तो खालच्या पायरीवर गेला. ओहोटी लागली होती. कर्लीचं मुख ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको, ओहोटीला ते पाणी कसं ओढतं. मी सूप तिथेच टाकून धावले. मुलगा मागे फिरला, काही झालं नाही. पण ती पाटी मी त्याच रात्री काढली आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

मग घरातले सगळे इंग्रजी कागद काढून बसले. 'ब्रेकफास्ट कमेन्सेस अ‍ॅट ८.' 'काइंडली इंटिमेट अस प्रायर टु युअर अरायव्हल रिगार्डिंग डाएटरी रिक्वायरमेंट्स.' 'गेस्ट्स शुड व्हेकेट द रूम बाय १०.' मुलगी म्हणते, "आई, सरळ 'डू नॉट स्विम' लिही, 'ब्रेकफास्ट स्टार्ट्स अ‍ॅट ८' लिही." मला ते दटावल्यासारखं वाटतं. घरी आलेल्या माणसाशी असं बोलतात का? 'बिगिन' आणि 'कमेन्स', 'बाय' आणि 'परचेस', 'हेल्प' आणि 'असिस्ट' यांत अर्थ एकच असेल तर कुठला कधी घ्यायचा? यात मानाचा काही भाग आहे की नाही?

पाटीपेन्सिल

ताई, मूल सुखरूप राहिलं हे सगळ्यात आधी. तो मुलगा चुकला नव्हता. 'रिफ्रेन' दोन आहेत. एक धृपद, तोच त्याला शाळेत शिकवला गेला. दुसरं क्रियापद, 'स्वतःला आवरणे'. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला लगामाचा शब्द आहे. दोघांच्या वाटा वेगळ्या, आज दिसायला मात्र सारखे. त्याने त्याला माहीत होता तो अर्थ लावला.

तुमचा मानाचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. रत्नागिरीत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि मुलं 'स्टार्ट' खोडून 'कमेन्स' का लिहितात याचा विचार करत आलो. मराठीत मान क्रियापदात बसलेला असतो. ये, या, यावे. जेव, जेवा, जेवावे. नुसत्या शेवटच्या अक्षरावरून समोरचा कोण ते कळतं. इंग्रजीत 'कम' एकच. लहान मुलालाही 'कम', कलेक्टरलाही 'कम'. आपल्या कानाला ते उघडं वाटतं. क्रियापदाला मान लावायची सोय नाही, म्हणून आपण शब्दच वजनदार निवडतो, आणि 'कम'च्या जागी 'अराइव्ह' येतो. पण इंग्रजी माणसाला त्यात मान ऐकूच येत नाही, त्याला त्यात सरकारी कागद ऐकू येतो. त्यांचा मान 'प्लीज'मध्ये असतो, 'कुड यू', 'वुड यू' अशा विचारण्यात असतो आणि कारण सांगण्यात असतो. 'प्लीज टेल अस व्हॉट यू डोन्ट ईट, सो वुई कॅन कुक फॉर यू.' या वाक्यात 'टेल', 'ईट', 'कुक' सगळे घरचे शब्द आहेत आणि तरी ते आर्जवी आहे.

इंग्रजीत ही दुहेरी, तिहेरी शब्दसंपत्ती आली कुठून तेही सांगतो. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं. पुढे सुमारे तीनशे वर्षं दरबार आणि कोर्टकचेरी फ्रेंचमध्ये चालली, चर्च आणि विद्या लॅटिनमध्ये, आणि शेतकरी, कोळी, स्वयंपाकीण आपली जुनी इंग्रजी बोलत राहिले. म्हणून 'आस्क' घरचा, 'क्वेश्चन' फ्रेंचकडून, 'इंटरॉगेट' लॅटिनमधून. गोठ्यातली 'काउ' इंग्रजी, ताटातलं 'बीफ' फ्रेंच. 'शीप' आणि 'मटन' तसंच. पण तिघांत अर्थ अगदी एकच राहत नाही. 'आस्क' कुणीही करतं, 'इंटरॉगेट' पोलीस करतात.

आपल्याकडे असंच घडलंय, फक्त थर वेगळे. अर्ज, तारीख, हुकूम, दस्तऐवज हे फारसीच्या वाटेने राज्यकारभारातून आले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून त्यांच्या जागी संस्कृत शब्द सुचवले. आणि आमच्या रत्नागिरीतच १९२४ ते १९३७ स्थानबद्ध असताना सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. दिनांक, महापौर हे त्यांचे शब्द आज सर्रास चालतात. म्हणजे एकेकाळचा भारदस्त 'तारीख' आज आपल्याला घरगुती वाटतो आणि 'दिनांक' कचेरीतला. शब्दाचं वजन त्याच्या अर्थात नसतं, तो कुणाच्या तोंडी आणि कुठल्या कागदावर वावरला त्यात असतं.

खळ्यातलो

संगमताय, पोरग्याक काय झाला नाय ही देव रवळनाथाची किरपा. माका इंग्रजीतला फारसा कळणा नाय, पण मराठी पाटयेचा पण तसाच आसा. 'पाण्यात प्रवेश करण्यास सक्त मनाई आहे' असा लिवतत. आमचो म्हातारो होडी हाकायचो. तो सांगायचो, "उतरू नको, पाणी ओढता." तेवढ्यान माणूस थांबायचो.

कलमीहापूस

वरचं "पाणी ओढता" जसंच्या तसं पाटीवर घ्या. त्यात कारण आहे.

माझा अनुभव धंद्यातला. देवगडहून आम्ही पेट्या पाठवतो, थोडा माल आखातात जातो. तीन वर्षांमागे तिथल्या एका खरेदीदाराला मी मेल लिहिला: 'वुई विल रिव्हर्ट ऑन द प्राइस बाय मंडे.' मला म्हणायचं होतं, सोमवारपर्यंत भाव कळवतो. समोरचा माणूस इंग्लंडमध्ये वाढलेला. 'रिव्हर्ट' म्हणजे त्याच्या लेखी आधीच्या स्थितीला परत जाणे. तो समजला, आम्ही सोमवारपासून गेल्या वर्षीच्या भावावर परत येतोय. त्याने त्या हिशोबाने पुढे ऑर्डरी घेऊन ठेवल्या. मंगळवारी मी नवा भाव पाठवला तर तो भडकला, आणि त्याच्या जागी मीही भडकलो असतो. तीन दिवस मेल चालले. तोवर पाच डझनी पेट्या पेंढ्यात पिकत होत्या. आंबा कुणासाठी थांबत नाही. शेवटी त्या खेपेला जुनाच भाव धरावा लागला.

'वुई विल टेल यू द प्राइस बाय मंडे' लिहिलं असतं तर काही घडलं नसतं. तेव्हापासून मेल पाठवण्याआधी 'रिव्हर्ट', 'इंटिमेट', 'डू द नीडफुल' शोधून काढतो. 'इंटिमेट'चं तर आणखी अवघड. आपण 'कळवा' म्हणून लिहितो आणि बाहेरच्याला तो आधी 'जवळीक' या अर्थाचा दिसतो. ताई, पाहुण्यांच्या कागदातून तो आजच काढा.

एक मात्र सांगतो. धंद्यातला ठरलेला शब्द लांब असला तरी बदलू नये. 'फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट'ला 'प्लांट हेल्थ पेपर' म्हटलं तर बंदरावर माल अडेल.

डेकवरून

मी गुहागरचा, सध्या जहाजावर, त्यामुळे उत्तर उशिरा. हा विषय आमच्याकडे जिवावरचा आहे म्हणून सविस्तर लिहितो.

आमच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून हाकतात तिथे, फिलिपिनी, युक्रेनी, भारतीय अशी माणसं एकत्र असतात. प्रत्येकाची इंग्रजी वेगळी. म्हणून इंटरनॅशनल मेरिटाइम ऑर्गनायझेशनने २००१ मध्ये समुद्रावर बोलायची ठरावीक वाक्यं मंजूर केली, स्टँडर्ड मरीन कम्युनिकेशन फ्रेझेस. ती आम्हाला पाठ करावी लागतात. त्यात साधा शब्द की भारदस्त असा वाद नाही. नियम एकच: एका गोष्टीला एकच शब्द, आणि एका शब्दाला एकच अर्थ.

उदाहरण देतो. फेअरवे म्हणजे जहाजांच्या ये-जा करण्याची पाण्यातली वाट. रेडिओवर 'मे आय एंटर द फेअरवे?' असं विचारायचं नाही. कारण 'मे'मध्ये परवानगी आहे, शक्यता आहे, इच्छाही आहे. म्हणायचं: 'क्वेश्चन. डू आय हॅव परमिशन टु एंटर द फेअरवे?' आधी 'क्वेश्चन' असा शब्द टाकायचा, म्हणजे ऐकणाऱ्याला कळतं की हा प्रश्न आहे, सूचना नाही. 'वॉर्निंग', 'अ‍ॅडव्हाइस', 'रिक्वेस्ट' असे एकूण आठ शब्द आहेत. आकडासुद्धा 'वन फिफ्टी' नाही, 'वन-फाइव्ह-झीरो'. कारण वाऱ्यात 'फिफ्टी' आणि 'फिफ्टीन' सारखेच ऐकू येतात.

आता गंमत नाही, खरी गोष्ट: तिथे मदत मागताना 'आय नीड हेल्प' नाही, 'आय रिक्वायर असिस्टन्स' आहे. दोन्ही शब्द भारदस्त. पण ते ठरलेले आहेत, सगळ्यांना पाठ आहेत, म्हणून चालतात. बुडताना मात्र 'आय अ‍ॅम सिंकिंग', इतकं उघडं.

ताई, तुमच्या कागदांत मला शब्दांच्या लांबीपेक्षा दुसरंच खटकलं. एकीकडे 'व्हेकेट', आणि तुमच्या वेबसाइटवर बहुधा 'चेक-आउट', व्हॉट्सअ‍ॅपवर 'डिपार्चर' असणार. पाहुण्याला तीन वेगळ्या गोष्टी वाटतील. 'चेक-आउट' एकच ठेवा, सगळीकडे. आणि धोक्याच्या पाटीवर 'रिक्वेस्टेड' कधीच नको. विनंती मानायची की नाही हे वाचणाऱ्याच्या हातात असतं.

संगमकाठ

डेकवरून, वेबसाइट उघडून पाहिली. 'चेक-आउट' आहे. आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजात खरंच 'डिपार्चर' आहे. तुम्ही समुद्रावरून ओळखलंत.

शेवंती

सगळे साध्या शब्दांच्या बाजूने बोलतायत म्हणून दुसरी बाजू मांडते. वेंगुर्ल्यात भाषांतराचं काम करते, आणि मैत्रिणीच्या निवासात पाहुण्यांशी बोलायलाही जाते.

साधी इंग्रजी आपल्यासाठी सोपी नाही. ती इंग्रजांसाठी सोपी आहे. त्यांचे साधे शब्द म्हणजे 'गेट', 'पुट', 'टेक', 'टर्न' आणि त्यांना जोडलेली शेपटं. 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणे, 'पुट आउट' म्हणजे विझवणे, 'पुट अप' म्हणजे मुक्कामाला ठेवणे, 'पुट अप विथ' म्हणजे सोसणे. बाहेरचा माणूस यात हरवतो. आपल्या मराठीतही तेच आहे. 'करून टाक', 'करून बस', 'करून घे', 'करून दे' हे चार वेगळे कसे, हे एखाद्या परप्रांतीयाला समजावून पाहा, मग कळेल. त्याला 'पूर्ण कर' हे सोपं जातं.

मैत्रिणीने खोल्यांत कंदील ठेवले होते, वीज गेली तर लागतील म्हणून. तिला मीच साधं वाक्य लिहून दिलं: 'प्लीज पुट आउट द लॅम्प बिफोर यू स्लीप.' सकाळी बघतो तर एका फ्रेंच जोडप्याने पेटता कंदील खोलीबाहेर नेऊन दाराशी, गवती चटईवर ठेवलेला. त्यांनी 'पुट' आणि 'आउट' हे दोन्ही शब्द बरोबर वाचले होते. चटईची कड काळी झाली होती. 'एक्स्टिंग्विश' लिहिलं असतं तर त्यांना कळलं असतं, कारण त्याच कुळातले शब्द फ्रेंचमध्ये आहेत. 'कमेन्स'ही त्यांच्या घरचा, तिकडे 'कॉमांसे' म्हणतात. उलट जर्मन पाहुण्याला 'बिगिन' आणि 'वॉटर' जवळचे, कारण जर्मन आणि जुनी इंग्रजी बहिणी-बहिणी.

शेवटी आम्ही काय केलं? 'टर्न ऑफ'ही नको, कंदिलाला बटण नसतं. कंदिलाचं चित्र काढलं, वातीची चकती फिरवणारा हात दाखवला, आणि खाली लिहिलं: 'नो फ्लेम अ‍ॅट नाइट.'

'साधं' म्हणजे छोटं असंही नाही आणि अस्सल इंग्रजी असंही नाही. 'ट्राय', 'युज', 'पे', 'प्लीज' हे सगळे फ्रेंचमधून आलेत, पण आज त्यांना कुणी भारदस्त म्हणणार नाही. कुळ पाहू नका. वाचणाऱ्याला तो शब्द रोज भेटतो का, आणि त्याचा दुसरा अर्थ निघतो का, एवढंच पाहा.

पाटीपेन्सिल

शेवंतीताई, कंदिलाचं उदाहरण वर्गात वापरायला मिळालं असतं तर किती बरं झालं असतं. शेपटाच्या क्रियापदांबद्दल तुम्ही म्हणता ते अगदी खरं. माझ्या प्रतिसादात ते राहून गेलं.

नोंदवही

दापोलीकडच्या एका दवाखान्यात नोंदींचं काम करते. एक शब्द मला बरेच दिवस टोचतोय तो इथे लिहिते.

आमच्याकडे माणूस गेला की नोंदीत 'एक्सपायर्ड' लिहितात. आपल्याकडे सगळेच लिहितात, शोकसंदेशातही. 'हर मदर एक्सपायर्ड.' त्याच टेबलावर मी औषधांचीही यादी करते, आणि तिथेही मुदत संपलेल्या बाटलीसमोर 'एक्सपायर्ड'. एकदा एकाच सकाळी दोन्ही लिहिलं. आधी एका आजींची नोंद, मग खोकल्याच्या औषधाच्या सहा बाटल्या. हात थांबला.

असं का होतं हेही कळतं. मराठीत माणसाला 'मेला' म्हणता येत नाही. ती शिवी होते. गेले, वारले, निधन झालं, देवाघरी गेले असंच म्हणायचं. मग इंग्रजीत 'डाइड' लिहिताना हात अडखळतो, 'मेला' लिहिल्यासारखं वाटतं. पण इंग्रजीत 'डाइड'मध्ये तो अपमान नाही. आई गेलेल्या मुलीला तिथली माणसं 'आय अ‍ॅम सो सॉरी युअर मदर डाइड' असं लिहितात आणि ते मायेचं असतं. फार उघडं वाटलं तर 'पास्ड अवे' आहे, आपल्या 'वारले'च्या जवळचा. नोंदीत मला 'डाइड' लिहायला परवानगी मागायची आहे. साहेबांशी बोलणार आहे.

इथे मात्र साधा शब्दच जास्त मानाचा आहे असं मला मनापासून वाटतं.

खळ्यातलो

ताय, ह्या बरोबर लिवलात. बोलाच तुमच्या सायबाशी.

नोटरीशेजारी

कुडाळला कोर्टाच्या कामात आहे. कायद्याच्या भाषेवर सगळे रागावतात, पण तिची घडण पाहण्यासारखी आहे. इंग्लंडच्या कोर्टांत फ्रेंच चालायची. १३६२ मध्ये कायदा झाला की युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत, आणि तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये. त्या काळापासून एकच गोष्ट दोन भाषांतून म्हणायची सवय लागली. 'विल अँड टेस्टामेंट': 'विल' इंग्रजी, 'टेस्टामेंट' लॅटिन. इकडचा समजो की तिकडचा, कागद पक्का.

मराठीत हेच आपण रोज बोलतो. कागदपत्र: कागद फारसीकडून, पत्र संस्कृत. धनदौलत, लाजशरम, बाजारहाट. सगळ्यांत एक शब्द इकडचा, एक तिकडचा. आपल्या कानाला ते जड वाटत नाहीत कारण ते तोंडात घोळलेले आहेत.

करारनाम्यात 'एंड'च्या जागी 'टर्मिनेट' येतो तो मिरवण्यासाठी नाही. 'एंड' म्हणजे मुदत संपून संपला की कुणी संपवला, हे कळत नाही. 'टर्मिनेट'मध्ये सहसा कुणीतरी संपवतं. असा फरक जिथे लागतो तिथे मोठा शब्द ठेवावा. ताईंनी पाहुण्यांकडून आगाऊ रक्कम घेतल्यावरचे नियम लिहिताना 'कॅन्सल' आणि 'रिफंड' हेच शब्द ठेवावेत, त्यांना पर्याय शोधू नयेत. पैशाच्या बाबतीत ते सगळ्यांना एकाच अर्थाने माहीत आहेत.

शेवटचंबाक

सगळं पटतंय, तरी एक सांगायचंय. साधं लिहा म्हणणं त्यांना सोपं ज्यांच्या इंग्रजीवर कुणी शंका घेत नाही.

माझे वडील ट्रॉलरवर होते. मला शिकवण्यासाठी कर्जाचा अर्ज करायचा होता. त्यांनी रात्रभर बसून स्वतः इंग्रजीत लिहिला. मला अजून आठवतं, 'आय वॉन्ट टु सेंड माय डॉटर टु कॉलेज. आय नीड मनी फॉर फीज.' समोरच्या माणसाने तो सगळ्यांसमोर वाचला आणि परत केला. म्हणाला, असं लिहितात का, कुणाकडून तरी नीट लिहून आणा. मग एका माणसाला पैसे देऊन लिहून घेतला: 'विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टु स्टेट...' तोच मजकूर, तीनपट लांब. तो लगेच घेतला गेला. बाबांनी पुन्हा कधी इंग्रजीत लिहिलं नाही.

म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेतलं पोर 'परचेस' लिहितं तेव्हा मला त्याच्यावर हसू येत नाही. तो शब्द त्याने दारातून आत जायला मिळवलेला असतो.

पाटीपेन्सिल

तुमच्या बाबांचं ते वाक्य मी दोनदा वाचलं. त्यात खोडण्यासारखं काही नाही. ज्याने ते परत केलं त्याला इंग्रजी कळत नव्हती.

'आय बेग टु स्टेट' ही इंग्रजांच्या राज्यातली अर्जाची भाषा. अर्जदाराने किती वाकायचं ते त्यात ठरलेलं होतं. त्यांच्या देशात ती पुढे मोडत गेली. १९४८ मध्ये त्यांच्याच ट्रेझरीच्या, म्हणजे अर्थखात्याच्या, सांगण्यावरून सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी सरकारी नोकरांसाठी साधं लिहिण्याचं मार्गदर्शन लिहिलं. अमेरिकेत २०१० मध्ये कायदाच झाला की सरकारी खात्यांनी लोकांना कळेल असं लिहावं. ज्यांच्याकडून आपण वाकणं शिकलो ते उभे राहिले, आपण अजून वाकलेलेच आहोत.

मुलांना मोठे शब्द शिकवायलाच हवेत, तुमचं म्हणणं मान्य. वाचताना अडू नये, स्पर्धा परीक्षेत अडू नये. पण मी वर्गात आता 'परचेस' आणि 'बाय' एकत्र देतो आणि विचारतो, भाजीवाल्याकडे कुठला, जमिनीच्या कागदात कुठला? मुलं बरोबर सांगतात. त्यांना मराठीत हे आधीच येतं. घरात कुणी "भोजन कर" म्हणत नाही आणि लग्नपत्रिकेत कुणी "जेवायला या रे" छापत नाही.

संगमकाठ

सगळ्यांचे आभार कसे मानू. शेवटचंबाक, तुमच्या बाबांचा अर्ज वाचून डोळे भरले. आमच्याकडे या कधी, मनापासून सांगते.

आज बसून सगळं पुन्हा लिहिलं. पाहुण्यांच्या मेसेजात आता असं आहे: 'ब्रेकफास्ट इज फ्रॉम ८ टु १०. प्लीज टेल अस द डे बिफोर इफ यू डोन्ट ईट फिश.' मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "आई, आता तू बोलतेयस असं वाटतं." इतकी वर्षं तो मेसेज कोण बोलत होतं, असा विचार आला. 'चेक-आउट' सगळीकडे एकच केलं. आगाऊ रकमेच्या नियमांना हात लावला नाही.

'कमेन्स' काढताना मात्र जरा जड गेलं. हो, खरंच. सात वर्षांपूर्वी पहिली पाटी लिहिली तेव्हा शब्दकोशातून तो शोधून काढला होता, आणि यांनी तो वाचून "वा" म्हटलं होतं.

नदीची पाटी अशी ठरवलीय:

'डू नॉट गो इंटू द वॉटर आफ्टर डार्क. द रिव्हर पुल्स यू आउट टु सी.'

खाली मराठीत: 'काळोख पडल्यावर पाण्यात उतरू नका. पाणी ओढतं.' आणि त्याखाली खळ्यातल्या दादांच्या म्हाताऱ्यांचं मालवणीतलं वाक्य, जसंच्या तसं.

डेकवरून

चांगली आहे. एक बदल सुचवतो. धोका फक्त काळोखात नाही, ओहोटीला दिवसाही आहे. 'आफ्टर डार्क' काढून टाका. 'डू नॉट गो इंटू द वॉटर हिअर.' दिवसा जायचं असेल तर पाहुणा तुम्हाला विचारेल, आणि तुम्ही पाणी बघून सांगाल. अक्षरं केवढी आहेत?

संगमकाठ

बरोबर, काढलं. मराठीतलं 'काळोख पडल्यावर'सुद्धा काढलं. अक्षरं चार बोटं उंच. आणि पाटी आता वर खांबाला नाही लावलेली. दुसऱ्या पायरीच्या बाजूच्या दगडावर बसवलीय, दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर येईल इतक्या उंचीवर.